शेऱ्याचा रकाना

वर्धा
३ डिसेंबर १९९४

गंगा,

आशीर्वाद लिहावेत की नाही, यात पाच मिनिटं गेली. मोठा भाऊ आहे आणि तेवढा हक्क तू अजून काढून घेतलेला नाहीस, असं धरून लिहितो. सुखी राहा.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डावर एकच ओळ, तीही अशी ठसठशीत की पोस्टमनपासून आमच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचली. "भाऊ, सील काऊन तुटलं ते तुले माहीत होतं का नाई?" पुलगाव काही विलायतेत नाही. गाडीत बसून आली असतीस तर तुझ्या वहिनीनं चहा पाजला असता, आणि मग खुशाल भांडली असतीस.

सदाशिवरावांनी घरी येऊन काय सांगितलं मला ठाऊक नाही, म्हणून माझी बाजू पहिल्यापासून लिहितो. तुझ्या नवऱ्यानं हातपंप तयार केला. चांगला केला, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत आलो. जुन्या सरकारी पंपाचं वायसर झिजलं की तिपाई लागते, सहा माणसं लागतात, आमच्या खात्याची गाडी लागते, सगळे पाईप उपसून वर काढावे लागतात. आणि गाडी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सदाशिवरावांच्या पंपाचं डोकं एका पान्यानं उघडतं आणि पाईपाला हात न लावता वायसर वरूनच बाहेर येतं. बाईमाणसालाही जमतं. बिडाच्या डोक्यावर त्यांनी तुझं नाव ओतलं, 'गंगा'. बायकोच्या नावाचा पंप म्हणून ऑफिसात लोक हसले. मीही हसलो असेन.

पण सरकार म्हणजे सासुरवाडी नव्हे, की जावयानं आणलं आणि ठेवून घेतलं. नवी वस्तू असेल तर आधी मोजकीच घ्यायची, लावून पाहायची, सहा महिने थांबायचं. मग अहवाल, मग खरेदी समिती, आणि मग जिल्हाभर. हा नियम मी केलेला नाही. मे महिन्यात सहा गावांत सहा पंप बसले. प्रत्येकाच्या डोक्यावर शिशाचं सील. खात्याचा माणूस हजर नसताना ते तोडायचं नाही. तपासणीत सील तुटलेलं दिसलं तर पंप दुरुस्तीसाठी उघडला, म्हणजे बिघडला, असं धरायचं. सहापैकी दोन बिघाड माफ. तिसरा सापडला की नमुना अपात्र.

दसरा झाल्यावर आठवड्याभरात मी तपासणीला गेलो. तीन गावांत सील तुटलेलं होतं. तीन म्हणजे तीन. मी तक्त्यात तीन लिहिले. तुझ्या कुंकवाकडे पाहून दोन लिहायला हवे होते का?

निकाल कळल्यावर सदाशिवराव आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभाकरभाऊ, तुमी नाई लिहिलं तं कोन लिहीन?" पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. या ऑफिसात मला 'साहेब' म्हणतात, 'राव' म्हणतात. 'भाऊ' म्हणणारं कोणी नाही. दोघातिघांनी विचारलं, कोण होते हो ते? मी सांगितलं, गावाकडचे ओळखीचे.

आता तुझ्या ओळीचं उत्तर. सील तुटलं आहे की नाही, एवढंच तपासणी अधिकाऱ्यानं पाहायचं असतं. का तुटलं, हे त्याच्या कामात येत नाही.

दामिनीला थंडीचं सांभाळ. नऊ वर्षांची झाली तरी पायात चप्पल घालत नाही ती.

तुझा भाऊ
प्रभाकर


वर्धा
१९ मार्च १९९५

गंगा,

पुलगावचं वर्कशॉप बंद झालं, हे मला रूपरावकडून कळलं. रूपराव म्हणजे आमच्या खात्याचा मेकॅनिक, त्याची सासुरवाडी तुमच्या गल्लीत आहे. लेथ मशीन ट्रकवर चढवताना त्यानं पाहिलं. सदाशिवराव बाजूला उभे होते आणि तू आत होतीस म्हणाला. माझ्या बहिणीचा संसार उठतो आणि मला त्याची बातमी मेकॅनिक देतो. वा! भाऊ मेला असं जाहीर करून टाका एकदा, म्हणजे मीही सुटेन.

भिलाईला कोणाच्या तरी कारखान्यात फिटर म्हणून जाणार आहेत म्हणे. स्वतःच्या डोक्यानं पंप काढणारा माणूस आता दुसऱ्याचे नट आवळणार. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मला वाईट वाटतं आहे, तू मान की न मान.

त्यांचा फेरचाचणीचा अर्ज माझ्याच टेबलावरून वर गेला. तो परत आला, हे तुला कळलंच असेल. अपात्र ठरलेल्या नमुन्याला पुन्हा उभं करायला नियमात एकच वाट आहे. ज्यानं तपासणी केली त्याच अधिकाऱ्यानं, नोकरीत असताना, स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की माझ्या अहवालात चूक राहिली. ते होईपर्यंत त्या माणसाचं नाव अपात्र यादीत, आणि यादीतल्या माणसाला कोणताच नवा नमुना दाखल करता येत नाही. तू म्हणशील, मग दे की लिहून. काय लिहून देऊ? तीन सील तुटली होती, मी तीन लिहिली. चूक कुठे आहे?

नमुना नापास झाला की तो उचलूनही आणायचा असतो. मागच्या आठवड्यात तेही माझ्याच वाट्याला आलं. आष्टी तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमटोली म्हणून पन्नास घरांचं गाव आहे, अर्धी घरं गोंडांची. तिथं रूपरावनं पंपाचे बोल्ट खोलायला घेतले, तर देवकाबाई नावाची बाई दांडा धरून उभी राहिली. सदाशिवरावांनी पंप उघडायला जिला शिकवलं होतं तीच ही.

"साहेब, तुमीच तं पानी पेले होते याचं. गोड हाय म्हने. मंग आता काऊन नेता?"

मी म्हटलं, बाई, वरून हुकूम आहे. तिथं कवडू मडावी म्हणून एक म्हातारा पिंपळाखाली बसला होता. तो म्हणाला, "सोड वं देवका. सरकारचं होतं, सरकार घेऊन चाललं. आपलं काय होतं त्यात?"

तिनं दांडा सोडला. जुना पंप परत बसवायला गाडी येईपर्यंत ते लोक नाल्याच्या रेतीत खड्डा करून पाणी भरतील. गाडी अजून गेलेली नाही.

पाणी प्यालो होतो, तहान लागली होती. त्यात एवढं काय आहे?

भिलाईचा पत्ता कळव. नाही कळवलास तरी रूपरावकडून काढीन.

प्रभाकर


वर्धा
१५ ऑगस्ट १९९९

गंगा,

झेंडावंदन करून आलो आणि हे लिहायला बसलो. साडेचार वर्षांत तुझं एक अक्षर नाही. माझी तीन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे तू ती घेतेस. वाचतेस की चुलीत घालतेस ते तुलाच माहीत. मी आता उपअभियंता झालो. पेढे पोस्टानं पाठवता येत नाहीत.

परवा गोदामात नवे हातपंप उतरले. हिरवा चकचकीत रंग, नागपूरच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचं नाव. माल ताब्यात घेण्याच्या कमिटीत मी होतो, म्हणून एक खोलून पाहिला. गंगा, आतली पितळी चकती एका बाजूनं तिरपी घासलेली होती. तशी ती या भागात एकच माणूस घासतो. तुमच्या अंगणात बसून त्यांना ती घासताना मी पाहिलं आहे, तू शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होतीस. त्यांनी आपली रेखाटनं व्यापाऱ्याला दिली, की व्यापाऱ्यानं पंपच उचलून नक्कल केली, मला माहीत नाही. विचारायला तोंडही नाही.

आता गंमत ऐक. या पंपाची चाचणी झालीच नाही. एक दिवस नाही, एक गाव नाही. नियमात एक पोटकलम आहे, की वस्तू दुसऱ्या राज्यात वापरात असेल तर चाचणीची गरज नाही. व्यापाऱ्यानं कुठल्याशा राज्यातलं पत्र आणलं आणि जिल्हाभराचा पंप मंजूर झाला. तुझ्या नवऱ्याला सहा महिने उन्हापावसात उभं केलं आणि याला मांडवातून थेट बोहल्यावर.

आणखी एक. डोकं वेल्डिंग करून बंद केलेलं आहे. आत सदाशिवरावांची अक्कल, वर कुलूप. वायसर बदलायचं तर पुन्हा गाडी आणि सहा माणसं. तो पंप ज्याच्यासाठी केला होता तेवढंच नेमकं त्यांनी काढून टाकलं. मी सही केली. माल नगाला नग बरोबर होता.

मी तिथं का बोललो नाही, हे तू विचारशील. काय म्हणून बोलणार होतो? हा माझ्या मेहुण्याचा पंप आहे म्हणून? चौऱ्याण्णव साली तपासणीचं काम घेताना एक कागद भरून द्यावा लागला होता. पुरवठादाराशी माझं कोणतंही नातं नाही, असा. त्यावर माझी सही आहे. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आणि हेही सांगतो, कारण सदाशिवरावांनी तुला सांगितलंच असणार. तेव्हा ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "भाऊ, तुमी नोका राहू यात. दुसऱ्या कोनाले पाठवा. तुमालेही बरं, मलेही बरं." मीच हट्ट धरला. म्हटलं, घरचा माणूस असलेला बरा.

प्रभाकर


वर्धा
११ फेब्रुवारी २००३

गंगा,

निकेशच्या लग्नाची पत्रिका आज परत आली. पाकीट फोडलेलं नाही. भाच्यानं तुझं काय बिघडवलं होतं? तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी घेतलेलं लुगडं पेटीत टाकलं. मंडपात मावशी, काकू, आत्या असं नाव घेऊन बोलावतात, तेव्हा आत्याच्या जागी प्रेमदासची बायको पुढे झाली. प्रेमदास आमच्या शेजारी राहतो, नात्याचा ना गोत्याचा.

लग्नात आबांचा फोटो लावला होता. आबांचं एक वाक्य मला विशीपासून छळतं. तू तेव्हा परकर-पोलक्यात होतीस, तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी आणि सदाशिव एकाच वर्गात होतो. त्याचा बाप वारला आणि त्यानं पहिल्याच वर्षी डिप्लोमा सोडला, मी पुरा केला. माझा निकाल आला त्या दिवशी विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. मी दोन तास खटपट केली. सदाशिवनं येऊन ते दहा मिनिटांत सुरू केलं. आबा चार लोकांत म्हणाले, "कागद पभाकरचा, पन डोकं सदाशिवचं." सगळे हसले. पुढे त्यांनी तुलाही त्यालाच दिली.

एवढंच लिहायचं होतं. लुगडं ठेवून दिलं आहे.

प्रभाकर


वर्धा
२० एप्रिल २००६

गंगा,

तुझी लेक आली होती.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यापासून आमच्या ऑफिसात कोणाला तरी माहिती अधिकारी करावं लागतं. मी मे अखेर निवृत्त होणार. जाणाऱ्या बैलाच्या पाठीवर आणखी एक गोणी, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. त्यामुळे अर्ज माझ्याच टेबलावर. अर्जदार, दामिनी सदाशिव. मागितलेली माहिती, सन १९९४ मधील हातपंप चाचणीच्या तपासणी तक्त्याची प्रत. मी मान वर केली तर समोर आबांचं नाक उभं. ती मला 'साहेब' म्हणाली.

मी म्हटलं, अगं, बस, चहा घे. ती म्हणाली, "मामा म्हनून नाई आली मी. अर्जदार म्हनून आली." भिलाईत वाढली तरी बोली तुझीच आहे.

मी फाईल काढायला लावली. बारा वर्षांची धूळ होती. प्रत काढून दिली. तिनं बोट ठेवून एकेक रकाना वाचला. गावाचं नाव, बसवल्याची तारीख, पाणी येते की नाही, सील. शेवटचा रकाना शेऱ्याचा. सहाही ओळींत तो कोरा. तिनं विचारलं, "इथं काई लिवाचं राह्यलं का साहेब?" मी म्हटलं, लिहिण्यासारखं काही नसेल तर कोरा ठेवतात.

मग तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. पोरगी तयारीनं आली होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला तिचा, आणि बापलेकींनी मिळून पंप पुन्हा केला आहे. पुलगावात शेड घेतली आहे. नमुना दाखल करायला गेले, तर सदाशिवरावांचं नाव अपात्र यादीत. कारण, "वारंवार बिघाड." तिच्या नावानं द्यावा तर पंप तोच, म्हणून तोही घेत नाहीत. म्हणजे मी अहवालात चूक राहिली असं लिहून देईपर्यंत ती शेड म्हणजे गुरांचा गोठा. तिनं मला तेच मागितलं. चार ओळी आणि सही.

ती आमटोलीलाही जाऊन आली. देवकाबाई अजून आहे. कवडू गेला. देवकाबाईनं तिला सांगितलं की पंप बिघडला नव्हता. खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं धुऊन पुजतात तसा त्यांनी पंपही उघडून धुतला आणि पुजला. तीनही गावांत तेच झालं होतं. "तुमाले हे माहीत होतं का साहेब?" असं दामिनीनं विचारलं. अगदी तुझ्या कार्डासारखं, एका ओळीत.

मी म्हटलं, बाई, बारा वर्षं झाली. त्या दिवशी मला कोणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

तिनं तक्त्याची प्रत घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "एकतीस मेपर्यंत आठवलं तं लिहून द्या. मंग तुमची सही चालत नाई." नियम तिला माझ्याइतकेच पाठ आहेत.

मी विचार करतो म्हणून सांगितलं आहे. खरंच करतो आहे. पण तूही विचार कर. आता चूक झाली म्हटलं की पहिला प्रश्न येणार, तुमचा आणि पुरवठादाराचा संबंध काय? मग तो नात्याचा कागद निघणार. विभागीय चौकशी, पेन्शन अडकलं, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीला शेवटच्या महिन्यात काळं. दामिनी तरुण आहे, तिच्यापुढे दुसरे दहा रस्ते आहेत. माझ्यापुढे एवढाच आहे.

तू तिला समजावून सांगशील का?

प्रभाकर


वर्धा
१ जून २००६

गंगा,

काल संध्याकाळी पाच वाजता मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणं झाली. प्रभाकरराव म्हणजे नियमाचा माणूस, असं तिघांनी सांगितलं. एकानं तर म्हटलं की पस्तीस वर्षांत त्यांच्या कागदावर कोणी बोट ठेवू शकलं नाही. टाळ्या वाजल्या.

दामिनी आली होती. समारंभाला नाही. सकाळी अकरापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, मांडीवर तो अर्ज घेऊन. मी दोनदा तिच्यासमोरून गेलो. एकदा तर उगाचच, काम नसताना गेलो. तिनं हाक मारली नाही. दुपारी तिथंच डबा उघडून खाल्ला. मी हार गळ्यात घालून बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, "ते पोरगी गेली साहेब. पाच वाजले का म्हने, अन् उठली."

आता तुझ्या कार्डाचं उत्तर देतो. हो. माहीत होतं.

तपासणीच्या दिवशी आमटोलीला मी सकाळीच पोचलो. पंपाच्या दांड्याला झेंडूची सुकलेली माळ होती आणि डोक्यावर हळदकुंकू. सील नव्हतं. मी विचारलं, हे कोणी उघडलं? देवकाबाई पदर खोचून पुढे आली. आपल्या हातून काही चुकलं असेल अशी शंकासुद्धा तिच्या तोंडावर नव्हती. तिला वाटलं मी शाबासकी देणार आहे.

"मीनं खोललं साहेब. खंडेनवमी होती ना. नांगर धुतला, वखर धुतला, विळे-कुऱ्हाडी धुतल्या. मंग यालेच काऊन पारोसा ठेवाचा? हाही तं राबून राह्यला आमच्यासाठी. सदाशिवभाऊनं पाना देला होता. आतून पुसलं, पूजा केली, जसंच्या तसं बसवलं. तेल नाई लावलं बरं का, त्यायनं नाई म्हतलं होतं."

कवडूनं घरातून शिशाचा तुकडा आणला, कापडात बांधून ठेवलेला. "हे तुमचं होय साहेब. हरपू देलं नाई." सील म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मग देवकाबाईनं मला पंप पुन्हा उघडून दाखवला. मी घड्याळ पाहिलं. उघडणं, वायसर काढणं, बसवणं, पाणी येणं, सगळं मिळून अकरा मिनिटं. आमच्या गाडीला त्याला अर्धा दिवस लागतो. चाचणीत जे सिद्ध व्हायचं होतं, ते त्या बाईनं माझ्यासमोर करून दाखवलं, आणि नेमकं तेच नियमात बिघाड म्हणून धरलं होतं. उरलेल्या दोन गावांतही माळ होती, कुंकू होतं. आणि जी तीन गावं पास झाली ना, तिथं पाना सरपंचाच्या घरी कुलपात होता. बायकांना कोणी तो हातात दिलाच नव्हता. असे पंप पास झाले.

पाणी प्यालो, गोड आहे म्हणालो आणि जीपमध्ये येऊन बसलो. तक्ता मांडीवर घेतला. शेऱ्याचा रकाना चांगला चार बोटं रुंद होता. "पूजेसाठी उघडला, पंप चालू" एवढं लिहायचं होतं. समितीनं ते मानलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. पण त्यांच्यापुढे ते गेलं तरी असतं. मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मी घाबरलो, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. नात्याचं खोटं उघडं पडेल, बढती जाईल. ती भीती होती, पण ती नंतरची. त्या जीपमध्ये मला भीती वाटली नव्हती, गंगा. मला बरं वाटलं होतं. आबा असते तर त्यांना म्हटलं असतं, पाहा, शेवटी कागदच लागतो. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

तिला बाकीचं सगळं माहीत आहे. काल घरी आल्यावर तिनं शाल घडी करून ठेवली आणि विचारलं, "लिहून देलं का पोरीले?" मी चौकशीचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हातारपनी भाकरी खाऊन राह्यली असती. तुमी माझं नाव नोका सांगू."

हे पत्र सदाशिवरावांना वाचून दाखव, दामिनीला दे. पण याचा उपयोग काही नाही, हे मी आधीच सांगतो. काल पाच वाजेपर्यंत याच ओळी चालल्या असत्या. आज मी रस्त्यावरचा कोणीही माणूस आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या अहवालातली चूक कोणी विचारात घेत नाही. खरं सांगायला मला आज काही मोजावं लागत नाही. म्हणून तर इतकं भरभर लिहून झालं.

माझा शिक्का अजून बॅगेत आहे, परत करायचा राहिला. या कागदावर कालची तारीख टाकून शिक्का मारला, तर दामिनीचं काम होईल. कोणाला कळणारही नाही. सकाळपासून शिक्का समोर घेऊन बसलो आहे. पण मागची तारीख टाकणं नियमात बसत नाही.

प्रभाकर